वेशीपाशी थांबणारा फोन

२८ डिसेंबर २००२. धीरूभाई अंबानी यांची सत्तरावी जयंती; त्यांच्या निधनाला सहा महिनेही पूर्ण झाले नव्हते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कोपरखैरणे येथे उभारलेल्या ‘धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी’ या संकुलात त्या दिवशी रिलायन्स इन्फोकॉमच्या दूरध्वनी सेवेचे उद्घाटन झाले. या सेवेचा फोन तळहातावर मावत होता, बॅटरीवर चालत होता आणि त्याला कोठेही तार नव्हती. तो शर्टाच्या खिशात घालून लोकलने चर्चगेटपर्यंत जाता येत असे. सामान्य माणूस अशा वस्तूला मोबाइल म्हणतो.

सरकारी कागदांत मात्र तो मोबाइल नव्हता. कायद्याच्या लेखी तो घरच्या टेबलावरच्या फोनचाच भाऊबंद होता. फरक एवढाच की खांबापासून घरापर्यंतची तार काढून तेथे बिनतारी दुवा बसवला होता. त्याच्या क्रमांकाला शहराचा एसटीडी कोड होता. त्याच्या फिरण्याची हद्दही ठरलेली होती : साधारण एका तालुक्याएवढे आकारणी क्षेत्र. ती हद्द ओलांडली की त्याने मुके व्हावे, अशी अट होती. मुंबईत घेतलेला फोन घेऊन मालक पुण्यात उतरला, तर यंत्रात कसलाही बिघाड नसताना ते कायद्याने निकामी ठरत असे.

तंत्रज्ञानाच्या इतिहासावरील बहुतेक लेखनात या फोनला जागा मिळत नाही. तेथे एक ठरलेली माळ असते. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी दूरवरची घंटा वाजवली, मग मार्कोनी, मग महायुद्धातील वॉकी-टॉकी, मग ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी केलेला पहिला हातातल्या फोनवरचा कॉल, आणि शेवटी आपल्या मनगटावरचे स्मार्टवॉच. माळ देखणी आहे, पण तिच्यातून एक गोष्ट गळते. यंत्र शोधून काढणे हा एक प्रश्न आणि ते अंगावर बाळगून चार माणसांत वावरण्याची मुभा मिळणे हा दुसरा. भारतात, आणि विशेषतः मुंबई परिसरात, दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पहिल्यापेक्षा अधिक बोलका आहे. बोस मोठे की मार्कोनी, यावर समाजमाध्यमांत जेवढी शाई (किंवा बॅटरी) खर्ची पडते, तिचा दहावा हिस्सा तरी परवान्यांच्या इतिहासाकडे वळायला हवा.

त्या इतिहासाची सुरुवात होते १८८५ च्या भारतीय तार अधिनियमापासून. तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार या कायद्याने सरकारकडे ठेवला; इतरांनी तो परवान्याने मिळवायचा. १८५७ मध्ये तारायंत्राने राज्य वाचवले, ही भावना इंग्रज अधिकाऱ्यांत खोल रुजलेली होती, हे ध्यानात घेतले तर या कलमाचे नवल वाटत नाही. पुढे रेडिओ आला, तेव्हा १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. ते चालू होते की बंद, त्यावरून कोणी काही बोलले की नाही, हे प्रश्न नंतरचे. सुवाह्य उपकरणाच्या दृष्टीने हा शब्द फार महत्त्वाचा आहे : बाळगणे. जी वस्तू खिशात मावते, तिचा वापर सिद्ध करणे अवघड असते. ती सापडणे मात्र सोपे असते.

या कायद्याची खरी कसोटी १९४२ मध्ये मुंबईतच लागली.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेते तुरुंगात गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध आले. त्याच महिन्यात बावीस वर्षांची उषा मेहता आणि तिच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी हे त्यातले प्रमुख. शिकागो रेडिओ या ध्वनिवर्धक बनवणाऱ्या पेढीचे नानक मोटवानी यांनी साहित्य आणि माणसे यांची मदत केली. राममनोहर लोहिया यांचे मार्गदर्शन होते. ४२.३४ मीटरवरून, भारतातील ‘कोठून तरी’ हे केंद्र बोलत आहे, अशी घोषणा होई. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ : रात्रीच्या वेळी लांबवर पोचणारा लघुलहरींचा पट्टा.

त्या घोषणेतील ‘कोठून तरी’ हे शब्द नाट्यमय वाटतात, पण त्यांच्यामागे रोजची मजुरी होती. प्रक्षेपक एका जागी राहिला तर दिशाशोधक यंत्रे बसवलेल्या पोलिसांच्या गाड्या दोन-तीन ठिकाणांहून लहरींची दिशा मोजत आणि नकाशावर त्या रेषा जिथे छेदतील तिथे दार ठोठावत. म्हणून चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगाव असे मुक्काम बदलत राहिले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसा प्रकार. हा प्रक्षेपक खिशात मावणारा मुळीच नव्हता; त्याला खोली लागे, वीज लागे, हवेत ताणलेली एरिअलची तार लागे. तरीही त्याला सुवाह्य म्हणावे लागते, कारण त्याचे अस्तित्वच हलत राहण्यावर अवलंबून होते. सुवाह्यता ही वजनाने मोजायची गोष्ट आहे, हा समज या एका उदाहरणाने डळमळीत होतो.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीत, प्रक्षेपण चालू असतानाच, पोलीस आत शिरले. दिशाशोधक गाड्यांनी जे साधले नव्हते ते माणसाच्या फितुरीने साधले. प्रक्षेपक जुळवणाऱ्या तंत्रज्ञाकडूनच ठिकाणाचा माग लागला होता. खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यात भोगली. पुढे त्या मुंबईत अध्यापन करीत राहिल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या कथेतील देशभक्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील कायद्याचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो : ज्या १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांनी हा प्रक्षेपक बेकायदा ठरला होता, ते दोन्ही कायदे स्वतंत्र भारताने तसेच चालू ठेवले.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या पिढ्यांनाही रेडिओ ऐकण्यासाठी परवाना काढावा लागला. ट्रान्झिस्टर आला, शेताच्या बांधावर आणि सायकलच्या दांड्यावर लटकला, पण त्याच्यासाठी टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरावेच लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली. कित्येक घरांत त्या परवान्याची पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी ठेवलेली असे. ऐकण्याचाही परवाना असू शकतो, ही गोष्ट आज विशीतल्या वाचकाला थट्टा वाटेल.

हे सारे भारतीय नोकरशाहीचे वैशिष्ट्य आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. अमेरिकेतील अल ग्रॉस या संशोधकाने १९३८ च्या सुमारास हातात धरता येणारा वॉकी-टॉकी बनवला आणि १९४९ मध्ये पेजरचे पेटंट घेतले. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात तो १९५० मध्ये वापरातही आला, पण सार्वजनिक वापराला तेथील संचार आयोगाची मान्यता मिळायला १९५८ साल उजाडले. कूपर यांच्या १९७३ च्या कॉलनंतर तो फोन दुकानात यायला दहा वर्षे लागली. त्यांपैकी काही काळ अभियांत्रिकीत गेला, पण बराचसा काळ कोणत्या लहरी कोणाला द्यायच्या, या वादात गेला. १९८३ मध्ये तो विक्रीला आला तेव्हा त्याचे वजन पाऊण किलोहून अधिक आणि किंमत ३,९९५ डॉलर होती.

भारतात ग्रॉस यांचे अपत्य १९९५ मध्ये पोचले. मुंबईकराने अंगावर चढवलेले पहिले लोकप्रिय बिनतारी उपकरण म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला पेजर. त्याची रीत आज सांगावी लागते : ज्याला निरोप द्यायचा त्याच्या पेजर कंपनीच्या केंद्रात फोन करायचा, तेथील माणसाला क्रमांक सांगून निरोप तोंडी द्यायचा, तो माणूस निरोप टंकणार, आणि मग मालकाच्या कमरेशी टिकटिक होणार. उत्तर द्यायचे तर सार्वजनिक फोनची पिवळी पाटी शोधणे आले. घरगुती भांडणाचा किंवा प्रेमाचा निरोपही आधी एका अनोळखी कानातून जाई, याचा विचार आजच्या खासगीपणाच्या चर्चेत कोणी करत नाही.

त्याच वर्षी ३१ जुलैला ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल कॉल केला आणि काही महिन्यांत मुंबईतही बीपीएल आणि मॅक्स टच यांची सेवा सुरू झाली. दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत जाई आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. ‘मिस्ड कॉल’ ही संस्था याच दरपत्रकाच्या पोटी जन्माला आली : दोनदा वाजवून ठेवला की ‘पोचलो’, एकदा वाजवला की ‘खाली ये’. लोकांनी फुकटात चालणारी एक तारभाषाच रचली. तिच्या शोधकाचे नाव कोणत्याही माळेत नाही.

आता पुन्हा कोपरखैरण्याकडे वळता येईल.

१९९० च्या दशकात गावोगाव तांब्याची तार ओढणे महाग पडत होते. त्यावर उपाय म्हणून शेवटचा टप्पा बिनतारी करण्याची कल्पना पुढे आली. मद्रासच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने याच हेतूने ‘कॉरडेक्ट’ ही देशी प्रणाली विकसित केली होती. हेतू स्थिर फोनचा होता. घर एका जागी, फोन एका जागी, मधली तार तेवढी गायब. परंतु सीडीएमए तंत्र आले तसा तोच बिनतारी दुवा हातात घेऊन फिरणेही शक्य झाले. जानेवारी २००१ मध्ये सरकारने स्थिर सेवेच्या परवानाधारकांना ‘मर्यादित गतिशीलता’ देण्याची परवानगी दिली. मर्यादा होती ती वर सांगितलेली, एका आकारणी क्षेत्राची.

मोबाइल कंपन्या खवळल्या, आणि त्यांचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. त्यांनी गतिशील सेवेसाठी जबर शुल्क भरले होते. आता शेजारी मागच्या दाराने त्याच दुकानात शिरत होता. प्रकरण दूरसंचार लवादात गेले, तेथून सर्वोच्च न्यायालयात, आणि १७ डिसेंबर २००२ रोजी, म्हणजे कोपरखैरण्यातील उद्घाटनाच्या अवघ्या अकरा दिवस आधी, पुन्हा लवादाकडे परत आले. ज्या फोनचे दिवे उजळले जात होते, तो कायदेशीर आहे की नाही हे त्या दिवशी ठरलेले नव्हते.

२००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ‘मान्सून हंगामा’ ही योजना काढली : ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, बाकीचे हप्त्यांनी. दुकानांपुढे रांगा लागल्या. रिक्षाचालक, भाजीवाले, नळदुरुस्ती करणारे, घरकाम करणाऱ्या बाया अशा लोकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा क्रमांक आला. ज्याचे गिऱ्हाईक शहरभर पसरलेले असते त्या सुताराला दुकानाच्या पाटीपेक्षा या क्रमांकाचे मोल अधिक होते. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले, असे मानण्याचे कारण नाही. हप्ते थकले, बिले बुडाली, वसुलीची कटकट वर्षानुवर्षे चालली. शिवाय क्रमांक यंत्रातच कोरलेला असल्याने, सिमकार्ड काढून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची सोय ग्राहकाला नव्हती. फोन हातात, पण दोरी कंपनीच्या हातात.

हद्दीचे काय झाले? कॉल वळवण्याच्या युक्तीने ग्राहकाला परगावीही फोन मिळू लागला आणि वेस नावापुरती उरली. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रार केली. ८ ऑगस्ट २००३ रोजी लवादाने बहुमताने मर्यादित गतिशीलता वैध ठरवली, पण ती खरोखर मर्यादित ठेवा, असे बजावले. तीन महिन्यांनी, ११ नोव्हेंबरला, सरकारने एकीकृत परवान्याची मार्गदर्शक तत्त्वे काढून स्थिर आणि गतिशील सेवेतील भिंतच पाडली. रिलायन्सने प्रवेशशुल्क आणि ४८५ कोटींचा दंड मिळून सुमारे १,५८१ कोटी रुपये भरले. पैसे जमा झाले आणि वेस संपली. मुंबईचा फोन पुण्यात बोलू लागला. या काळात फोनच्या अंतरंगात म्हणावा असा कोणताही नवा शोध लागलेला नव्हता. बदलली होती ती फाइल.

येथे एक आक्षेप रास्त आहे. बिनतारी लहरी ही सामायिक संपत्ती आहे. दोघे एकाच वारंवारितेवर एकाच वेळी बोलू लागले तर दोघांचेही ऐकू येत नाही. विमानतळ, रुग्णवाहिका, खोल समुद्रातील मच्छीमार यांच्यासाठी शिस्त लागतेच, आणि परवाना हे त्या शिस्तीचे साधन आहे. हे मान्यच करावे लागेल. पण मग प्रत्येक परवान्याला विचारायचा प्रश्नही स्पष्ट होतो : तो लहरींची गर्दी आवरतो आहे की माणसांची ये-जा? १९३३ चा ‘बाळगणे’ हा शब्द आणि २००१ ची तालुक्याची वेस, या दोहोंचा लहरींच्या गर्दीशी फारसा संबंध नव्हता. पहिला शब्द भीतीतून आला होता, दुसरी मर्यादा व्यापारी तडजोडीतून.

उलट उदाहरणही हाताशी आहे. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात आज निम्म्या कानांत बिनतारी इअरबड असतात. प्रत्येक इअरबड हा छोटा प्रक्षेपक आणि ग्राहक आहे; १९३३ च्या कायद्याचा अक्षरशः अर्थ लावला तर डब्यातील प्रत्येक जण परवान्यावाचून बिनतारी यंत्र बाळगतो आहे. तसे होत नाही, कारण जानेवारी २००५ च्या एका अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली. ब्लूटूथची मूळ कल्पना स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास आकाराला आली होती. ती कोपरखैरण्याच्या प्रवाशाच्या कानापर्यंत निर्धास्तपणे पोचली ती या दोन-चार परिच्छेदांच्या सरकारी कागदामुळे. या परिसरातील अंगावर मिरवायच्या बिनतारी उपकरणांचा इतिहास लिहिताना त्या अधिसूचनेला बोस यांच्या १९०४ च्या अमेरिकी पेटंटाइतकीच जागा द्यावी लागेल. ती कोणाच्या जयंतीला आठवली जाणार नाही, हे उघड आहे.

नवी मुंबईविषयी एक वाक्य नेहमी ऐकू येते : या शहराला इतिहास नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, त्याआधी खाडी, मिठागरे, आगरी-कोळ्यांची गावे आणि बेलापूरचा किल्ला. बाकी सारे कालचे. पण कालचे म्हणजे इतिहासाबाहेरचे, असे कोणी ठरवले? ट्रान्स-हार्बर मार्गावर घणसोली आणि कोपरखैरणे ही लागोपाठची स्थानके आहेत. कोपरखैरण्याच्या संकुलातून तालुक्याच्या वेशीपाशी थांबणारा फोन निघाला. घणसोलीत आज जिओचे मुख्य ठाणे आहे, आणि २०१८ मध्ये स्वतःचे ई-सिम असलेले पहिले अॅपल वॉच भारतात आले ते ज्या दोन कंपन्यांच्या जाळ्यावर, त्यांतील एक जिओ होती. तालुक्याबाहेर न जाणाऱ्या फोनपासून मनगटावरच्या फोनपर्यंतचा पंधरा वर्षांचा प्रवास लोकलच्या एका थांब्यात सामावतो.

या इतिहासाची साधने मात्र झपाट्याने नाहीशी होत आहेत. पारेखवाडीच्या खटल्याचे कागद अभिलेखागारात आहेत. ५०१ रुपयांच्या फोनचे करारपत्र, हप्त्यांच्या पावत्या, थकबाकीच्या नोटिसा, पेजरचे मासिक बिल, ट्रान्झिस्टरची परवाना पुस्तिका यांना कोणी अभिलेख मानत नाही. घर बदलताना, पुनर्विकासासाठी इमारत रिकामी करताना, त्या रद्दीत जातात आणि यंत्रे ई-कचऱ्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी किल्ल्यांवरच्या शिलालेखांचे ठसे घ्यावेतच. पण वाशी, नेरूळ, ऐरोली येथील घरांचे माळे आणि टेबलांचे खालचे खणही एकदा उघडून पाहावेत. यंत्र सापडले तर त्याच्यासोबतचा कागद आधी मागावा.

रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस बंद झाली आणि कंपनी पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घ्यायची, असे ठरले. खणातल्या त्या जुन्या सीडीएमए फोनला चार्जर मिळालाच, तर पडदा आजही उजळेल. त्यात सिम घालायला फट नसते. तो थोडा वेळ जाळे शोधत राहतो.